सामोआत निवडणूक लढवायचीय? आधी घरच्यांना विचारा!

नमस्कार मंडळी! फियामे नाओमी माताआफा हे नाव ऐकलंय का? 2021 मध्ये सामोआच्या पंतप्रधान झाल्या, तिथल्या पहिल्याच बाई. आता यातलं 'फियामे' हे काय त्यांचं बारशातलं नाव नाही, ती पदवी आहे, आणि ती नसती ना तर त्यांना निवडणुकीला उभंच राहता आलं नसतं.

म्हणजे बघा, पॅसिफिकमधल्या या छोट्याशा देशात प्रत्येक मोठ्या कुटुंबाच्या, 'आइगा'च्या, स्वतःच्या पदव्या असतात. ज्याला पदवी मिळाली तो 'मताई'. तुम्ही म्हणाल, बापानंतर थोरला मुलगा, त्यात काय! तर तसं अजिबात नाहीये. सगळा गोतावळा जमतो, कोणी घरासाठी किती राबलंय, कोणाला चार लोकांत बोलता येतं, सगळं निघतं, आणि एकमत होईपर्यंत चर्चा चालूच. नाहीच जमलं तर कोर्ट. खास जमिनी आणि पदव्यांच्या भांडणांसाठी वेगळं कोर्ट आहे तिथं, मस्करी नाही करत! बरं, एकच पदवी एकाच वेळी अनेकांकडे असू शकते, आणि मताई नीट वागला नाही तर घरचे ती काढूनही घेऊ शकतात.

त्यांच्यात एक म्हण आहे, सत्तेची वाट सेवेतून जाते. ऐकायला भाषणातलं वाक्य वाटतं, पण देशातली साधारण 80 टक्के जमीन अशी कुटुंबांच्या परंपरागत मालकीची आहे आणि तिचा कारभार मताई बघतो, त्यामुळे कोणाला पदवी द्यायची हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

मताईंमध्येही दोन प्रकार. 'आलीई' म्हणजे मोठे सरदार, आणि 'तुलाफाले' म्हणजे त्यांच्या वतीने बोलणारे, हातात काठी, खांद्यावर नारळाच्या काथ्याची चवरी. मला पर्सनली हेच जास्त भारी वाटतात. गावातल्या मताईंची सभा म्हणजे 'फोनो', ती दंड ठोकते, तोही डुकरं नाहीतर डबाबंद माशांचे खोके असा, आणि प्रकरण फारच पेटलं तर गावाबाहेर काढते.

1962 ला स्वातंत्र्य मिळालं तरी सामोअन लोकांमध्ये मत द्यायचा हक्क फक्त मताईंना. 1990 मध्ये जनमत घेतलं, काठावर पास झालं, तेव्हा 21 वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळालं. उभं राहायला मात्र आजही मताईच लागतो. आणि गंमत कुठाय, काही गावं बाईला मताई मानतच नाहीत, म्हणजे तिचा रस्ता तिथंच बंद.

फियामेंचं काय झालं? मे 2021, शपथ घ्यायला गेल्या तर संसदेला कुलूप! मग बाहेर तंबू ठोकून त्यातच शपथ घेतली. हरलेला पक्ष सत्ता सोडेना. आणि कुलूपवाले काय, तंबूवाले काय, सगळे खासदार मताईच की.