सवय बसण्याची, लिहिण्याची नव्हे

रोज लिहायची सवय लावायची, तर ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे आधी निकालात काढू. तो आकडा एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण. त्यातला ‘निदान’ गळला आणि नाकाचा आकडा आपल्या वहीला येऊन चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांवर १२ आठवडे केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात सवय मुरायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यांक निघाला ६६, म्हणजे निम्म्यांना याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. कुणाला १८, तर कुणाला, बारा आठवड्यांपुढचा अंदाज बांधून, हिशेबाने २५४. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही दिसलं.

पण त्या लोकांनी निवडलं होतं जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, धावायला जाणं. पाणी पिताना प्रत्येक घोटाला विचार करावा लागत नाही. लिहिताना प्रत्येक वाक्याला करावा लागतो. म्हणून माझं म्हणणं असं, की सवय लागते ती लिहायला बसण्याची. लिहिणं रोज नव्याने अवघडच जाणार, ते धरून चाला आणि बसणं तेवढं विनासायास होईल असं बघा.

त्यासाठी घड्याळ धरू नका. ‘सकाळी सहाला’ म्हटलं की हिंजवडीची शिफ्ट बदलली त्या दिवशी सगळं कोलमडतं. रोज होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेवटाला बसणं बांधा: चहाचा कप विसळून पालथा घातला, की खुर्ची. चहा पिता पिता लिहीन, असं मात्र नको. एका हातात कप असला की दुसऱ्या हातात पेपर येतोच.

किती लिहायचं? साध्या दोनशेपानी वहीत एका ओळीत सात-आठ शब्द बसतात. रोजच्या वीस ओळी, म्हणजे साधारण दीडशे शब्द. पण खरा नियम तीन ओळींचा ठेवा, कारण नियम वाईट दिवसासाठी करायचा असतो. गणपतीत खिडकीखाली ढोल वाजत असतो, घरात पाहुणे असतात, तेव्हाही तीन ओळी होतात. आणि वरची हद्द? चाळीस ओळी. ही हद्द लोकांना पटत नाही. रविवारी अंगात येतं, दहा पानं होतात आणि सोमवारी विहीर कोरडी. डोक्यात तयार असलेला सगळा प्रसंग रविवारीच उपसला गेलेला असतो. सोमवारी बसायचं ते अंधारात.

उद्यासाठी काहीतरी उरवावं लागतं, आणि इथे आपली भाषा मदतीला येते. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी असतं. वाक्य त्याच्या अलीकडेच सोडा. ‘दार उघडलं, तर समोर भाऊजी, हातात आमच्याच घराचं कुलूप’ इथे पेन ठेवलं, तर उद्या काय लिहायचं हा प्रश्नच येत नाही. पूर्णविराम देऊन उठलात की उद्याचा पहिला शब्द शोधण्यातच पंधरा मिनिटं जातात.

मजकूर उजव्या पानावर लिहा. डावं पान शंकांसाठी कोरं ठेवा: पात्राच्या आईचं नाव, एखादं साल, ‘त्या काळी कुकर होता का?’ ऱ्हस्व-दीर्घ अडलं तर शब्दाभोवती गोल करा आणि पुढे चला. शब्दकोशासाठी मोबाइल हातात घेतला की ती बैठक संपली. गोल आणि शंका शनिवारी सोडवायच्या. त्या दिवशी नवा मजकूर नाही. मोबाइलवरच लिहिणाऱ्यांनी शब्द सुचवण्याची सोय बंद करावी. ‘हार्दिक’ म्हटलं की तो ‘शुभेच्छा’ पुढे करतो, आणि कथेतली माणसंही तसंच बोलू लागतात.

सुचत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा साठा नसल्याची असते. आठवड्यातून एकदा मंडईत एखाद्या गाळ्यासमोर दहा मिनिटं उभं राहा आणि फक्त क्रिया टिपा: पोतं अंथरणं, मेथीवर पाणी मारणं, जुडी सोडून पुन्हा बांधणं, तागडी झटकणं. विशेषणं टिपलीत तर घरी आल्यावर ‘गजबजलेली मंडई’ एवढंच हाती राहतं, ते तर न जाताही लिहिता आलं असतं.

खाडा झाला तर भरपाई नाही. काल राहिल्या म्हणून आज चाळीस ओळी, उद्या साठ, असं कर्ज चढलं की माणूस वही उघडायचंच टाळतो. लागोपाठ दोन खाडे पडले तर स्वतःला आळशी म्हणण्याआधी बसणं कशाला बांधलं होतं ते तपासा. बहुधा तेच हललेलं असतं: मुलांची शाळा सुरू झाली, खुर्ची दुसऱ्या खोलीत गेली. नवी खूण शोधा.

दिवाळी अंकाचं मनात असेल तर हिशेब आत्ताच करा. संपादकांना मजकूर पावसाळ्यातच हवा असतो. साडेतीन हजार शब्दांची कथा म्हणजे चोवीस बैठका, आठवड्याला सहा धरल्या तर चार आठवडे. मग दोन आठवडे वही कपाटात. पुनर्लेखनाला आणखी चार. जुलैअखेर द्यायची, तर पहिली ओळ मेच्या तिसऱ्या आठवड्यात पडायला हवी.