हलणारं लाकूड

मंडळी, आपल्याकडच्या जुन्या घरांत एक तरी दार असं असतं, जे जूनमध्ये अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतं. माझे वडील सुतारकाम करायचे. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात सगळे त्यांना मेस्त म्हणायचे. श्रावणात कुणी दाराला रंधा मारायला बोलावलं, तर ते जायचेच नाहीत. "आता तासलं तर शिगम्यापर्यंत बोटभर फट पडेल. लाकूड पाणी पितंय, पिऊ दे," एवढंच सांगायचे.

ही आठवण निघाली ती माझ्या भाचीमुळे. गेल्या सुट्टीत ती मोबाईलवर 'विकर मॅन' नावाच्या लाकडी रोलर कोस्टरचा व्हिडिओ पाहत होती. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये आल्टन टॉवर्स हे मोठं करमणूक उद्यान आहे. तिथे २०१८ साली हा सुरू झाला. रूळमार्ग ६१८ मीटर, वेग ताशी ७० किलोमीटर. मधोमध १७ मीटरहून उंच पुतळा, त्याला आग लागल्याचा देखावा आणि गाडी त्याच पुतळ्यातून आरपार जाते. आपण नरकासुर जाळणारी माणसं, मला त्या आगीचं कौतुक वाटलं. भाचीचं लक्ष मात्र खांबांकडे होतं. व्हिडिओ थांबवून ती म्हणाली, "मामा, गाडी गेली की सगळं हलतंय. याला परवानगी कशी मिळाली?"

आजचं बोलणं म्हणजे तिला दिलेलं उत्तर आहे. तेव्हा ते नीट देता आलं नव्हतं.

आधी थोडा इतिहास, भरभर. इथे पोर्तुगीज शाळेत गेलेली वडीलधारी मंडळी असतील, त्यांना 'मोंतान्या-रुसा' हा शब्द आठवेल. म्हणजे रशियन डोंगर. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गजवळ लाकडी मांडव उभारून त्यावर पाणी ओतत, त्याचा बर्फ झाला की लोक त्यावरून घसरत. तोच खेळ चाकांवर चढून १८१७ मध्ये पॅरिसला पोचला. रशियन लोक मात्र याच खेळण्याला 'अमेरिकी टेकड्या' म्हणतात!

तसं म्हणायला त्यांना आधारही आहे. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाचं गाव होतं. तिथल्या डोंगरावरच्या खाणीतला कोळसा १८२७ पासून रुळांवरून, निव्वळ उतारावर सोडून, नदीकाठी आणत. रिकाम्या वाघिणी खेचरं वर ओढून न्यायची आणि उतरताना तीच खेचरं डब्यात बसून खाली यायची. डिचोली-साखळीच्या मंडळींना खाण, उतार आणि खाली वाट पाहणारी नदी यांचं चित्र वेगळं सांगायला नको. पुढे त्या उतारावर कोळशाऐवजी हौशी प्रवासी बसू लागले. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लाकडी उंचवट्यांची गाडी खास करमणुकीसाठी बांधली. तिकीट ५ सेंट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. आपली सायकलही त्याहून जोरात जाते, तरी लोकांनी रांगा लावल्या.

आता मुख्य मुद्दा. लाकडी कोस्टर लाकडी कशामुळे ठरतो? खांबांमुळे नाही. कोनी आयलंडवर १९२७ पासून उभ्या असलेल्या 'सायक्लोन'चा सांगाडा पोलादी आहे, तरी तो लाकडीच गणला जातो, कारण त्याचा रूळमार्ग लाकडाचा आहे. एकावर एक सात-आठ थर फळ्या, आणि सगळ्यात वर, चाक टेकतं तिथे, पोलादाची चपटी पट्टी.

एवढे थर कशाला, एकच जाड तुळई का नाही? हे दाखवायला मी वडिलांच्या करवतीने कापलेल्या आठ पातळ पट्ट्या आणल्यात आणि शेजारी तेवढ्याच जाडीचा सागवानाचा एकसंध तुकडा. तुकडा वाकवून पाहिला, ढिम्म हलत नाही. पट्ट्यांची चवड वाकते, कारण प्रत्येक पट्टी शेजारणीवरून किंचित सरकते. रूळमार्गाचं वळण असंच घडवतात. एकेक फळी वाकवून खालच्या थरावर ठोकायची, सांध्याखाली सांधा येऊ द्यायचा नाही, मग सगळे थर बोल्टांनी आवळायचे. त्यानंतर तो आकार सोडत नाही, पण थोडं लवणं त्याच्या अंगात राहतं.

त्या लवण्याचा उपयोग कळायला गाडीवर किती जोर येतो ते बघा. साखळी गाडीला पहिल्या चढावर नेते. तो खट-खट-खट आवाज साखळीचा नाही, गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांवर पडत जाणाऱ्या खिट्टीचा आहे. शिखरावर साखळी सुटली की पुढे इंजिन नाही, फक्त पृथ्वीची ओढ. ३० मीटर खाली आल्यावर, घर्षण सोडलं तर, वेग ताशी ८७ किलोमीटर होतो, डब्यात मुलं असोत की पहिलवान. उताराच्या तळाशी गाडी वळते तेव्हा तिचा भार कित्येक पट होऊन रुळावर आदळतो. सांगाडा ताठर असता तर तो सगळा दणका एकाच सांध्याने खाल्ला असता. लाकूड लवतं आणि दणका शेजारच्या दहा-वीस जोडांत वाटला जातो. वादळात माड वाकतो ते भाचीने पाहिलंय, त्यामुळे एवढं तिला लगेच पटलं.

उंचवट्यावरून जाताना उलटा प्रकार. रूळ झपकन खाली जातो, आपण हवेतच राहतो, पोटात गोळा येतो. तेव्हा गाडी उडून का जात नाही? १९१९ मध्ये जॉन मिलर या अमेरिकी रचनाकाराने रुळाच्या खालून पकडणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. वर एक चाक, बाजूला एक, खाली एक. खालच्या चाकाने गाडी रुळाला बांधली गेली आणि मग कोस्टर उंच आणि तीव्र होत गेले. त्याआधीचा एक अजून उभा आहे, पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाचा 'लीप-द-डिप्स', १९०२ सालचा. खालची चाकं नाहीत म्हणून त्याचा सर्वांत मोठा उतार अवघा ९ फूट. १९८५ मध्ये तो बंद पडला होता. लोकांनी पैसे जमवून १९९९ मध्ये तो पुन्हा चालू केला. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

पण हलणं मापात हवं, आणि ते माप दर दिवशी बदलतं. लाकूड फुगतं, आकसतं, बोल्ट सैल होतात. म्हणून उद्यान उघडण्याआधी रोज सकाळी सुतार संपूर्ण मार्ग पायी चालतात. हातात पाना, हातोडी. नजर बोल्टांवर, कान आवाजावर. वडील तुळईवर बोटाची पेरं वाजवून आत पोकळ आहे का सांगायचे. तीच विद्या ही. दर हंगामात काही भागांतल्या फळ्या काढून नव्या घालतात.

अलीकडे हे टाळायचे मार्ग निघालेत. जर्मनीतल्या 'कोलोसोस' या लाकडी कोस्टरला २००१ मध्ये कारखान्यात चिकटवून, यंत्राने कापून आणलेला मार्ग बसवला. २०११ पासून काही जुन्या लाकडी सांगाड्यांवर थेट पोलादी रूळ चढवले गेले. प्रवास गुळगुळीत होतो, उलटंही फिरता येतं. माझं मत विचाराल तर मला ती अंगाला जाणवणारी थरथर हवी. ती गेली तर लाकूड नुसतं शोभेला उरतं.

आपल्या देशात कोलकात्याच्या निक्को पार्कमध्ये लाकडी 'सायक्लोन' आहे, म्हणजे दमट हवेत हे जमतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. उद्या इथे कुणी असा कोस्टर आणायचं म्हटलं तर मी पहिल्या रांगेत असेन. मात्र सभेत उभा राहून उंची-वेगाच्या आधी हे विचारीन, की पगारावर सुतार किती ठेवणार, आणि जून ते सप्टेंबर रोज सकाळी वर कोण चढणार? आपल्याकडे मेस्तांची मुलं दुसऱ्या धंद्यांत गेलीत. मीही गेलो.

पट्ट्या इथेच टेबलावर ठेवतो. मुलांनो, पुढे या आणि हाताने वाकवून बघा. जोर लावा, मोडणार नाहीत.