बांधावरचं पाऊल

(दृश्य: येळ्ळूरचं शिवार, जुलैची भुरभुर. मागे ढगात अर्धा बुडालेला राजहंसगड.)

बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर. भाताची लावणी चाललीय. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर रोपांची बुट्टी, आणि वीतभर रुंदीच्या बांधावरून काकू निघाल्यात. बुट्टीला हातसुद्धा लावलेला नाही!

त्यांना जाऊ दे पुढे. आपण चिखल बघू.

(दृश्य: पावलाचा ठसा, अगदी जवळून.)

टाच खोल रुतलीय, चवडाही. मध्ये आतल्या बाजूला चिखल जवळजवळ कोरा. ही पावलाची कमान. भार आला की जरा दबते, पाऊल उचलताना ताठ होते. अंगठा बोटांच्या रांगेत बसलाय. फांदी धरायचं काम त्यानं कधीच सोडलं. टांझानियात लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत असेच ठसे सापडले, १९७८ साली. वय सुमारे ३६ लाख वर्षं.

(दृश्य: काकू पाठमोऱ्या चालताना.)

खरी करामत मात्र खुब्यात आहे. चालणं म्हणजे पाळीपाळीनं एका पायावर उभं राहणं. एक पाय उचलला की त्या बाजूची कंबर खाली पडायला हवी. चिंपांझी दोन पायांवर चालला की डुलतो तो याचमुळे. त्याचं कमरेचं हाड उंच आणि चपटं, आपलं बुटकं, पसरट, कडेला वळलेलं. म्हणून कडेचे स्नायू टेकलेल्या पायाच्या बाजूनं कंबर ओढून धरतात. शिवाय मांडीची हाडं खुब्यापासून गुडघ्याकडे आत झुकलेली, त्यामुळे पाऊल नेमकं अंगाखाली पडतं. वीतभर बांध पुरतो तो असा.

(दृश्य: बांधाकडेला चरणारी म्हैस.)

हिची मान कवटीला मागून जोडलेली. काकूंची खालून, जवळपास मधोमध. बुट्टीचं वजन सरळ कण्यात उतरतं. म्हशीच्या डोक्यावर बुट्टी ठेवून बघायची कुणाची तयारी असेल, तर बघावी.

कणा मात्र सरळ नाही. तान्ह्या बाळाची पाठ एकाच कमानीची असते. मान धरली की मानेत बाक येतो, पोर उभं राहून चालायला लागलं की कमरेत. या कमरेच्या बाकामुळेच धड पायांवर नीट तोललं जातं. आणि सगळ्या धडाचा भार येतो तोही त्याच्याच शेवटच्या मणक्यांवर. त्यात लावणी म्हणजे दिवसभर ओणवं राहायचं.

(दृश्य: चिखलात ओणव्या बायकांची रांग.)

बुट्टी उतरवून काकूही रांगेत शिरल्यात. थोड्या वेळानं त्या उभ्या राहतात, चिखलाचे हात कमरेवर ठेवून मागे रेलतात.

"आई गं," म्हणतात, आणि पुढची मूठ उचलतात.