शंभराची मोड

गल्ल्यात १०३ रुपयांची नाणी आहेत. समोर शंभराची नोट आली, तरी तिची मोड देता येत नाही. हे घडतं कसं?

कोडं असं: १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणी हवी तेवढी घ्यायची, पण त्यांतून नेमके शंभर निघता कामा नयेत. जास्तीत जास्त किती रुपये जमतील? ९९ हे पटकन सुचणारं उत्तर चुकीचं आहे.

मोठ्या नाण्यांपासून सुरुवात करा. विसाची बाराकोनी चार नाणी, दहाचं एक. झाले ९०. आता वीस-दहाचं आणखी एकही नाणं घेता येत नाही. खालच्या नाण्यांतून दहा जुळले, तरी शंभर भरले. म्हणजे सगळं कोडं या दहावर येऊन ठेपलं.

पाचचं एक नाणं आणि दोनची चार. बेरीज १३. यातून दहा काढून पाहा. पाच उचलले तर आणखी पाच हवेत. दोनच्या नाण्यांतून विषम आकडा येणार कुठून? पाच बाजूला ठेवले, तर उरतात आठच. दहा जुळतच नाहीत. ९० आणि १३, एकूण १०३.

या ढिगात कोणतंही एक नाणं टाका, मोड निघते. दुसरं पाचचं आलं की पाच आणि पाच. दोनचं पाचवं आलं की बे पंचे दहा. आणि रुपयाचं आलं तर ५, २, २, १. रुपया फार घातक: त्याचं एकही नाणं असलं तर ९९च्या पुढे जाताच येत नाही. बरेच जण आधी रुपयेच भरतात आणि तिथेच अडकतात.

१०३च्या वर का नाही? लहान नाण्यांची दहा-दहाची चळत लावत जा. चळत लागेनाशी झाली की हातात उरतात फार तर १३. चळती आणि मोठी नाणी मिळून ९०च असू शकतात. १०० झाले की मोड झालीच.

खोच आहे ती पाचला दोनने भाग जात नाही यात. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाच्या दोन अधेल्या, अधेलीच्या दोन पावल्या, पावलीच्या दोन चवल्या, चवलीचे दोन आणे. प्रत्येक नाणं वरच्याच्या बरोबर निम्मं. अधेली, पावली, चवली आणि आणा मिळून पंधरा आणे, मोड नाही. पण या नाण्यांचे सोळा आणे भरले, की ती कशीही मिसळलेली असोत, रुपयाची मोड निघायचीच.