नमस्तस्यै, पण नमो नमः

[दृश्य: अंबाबाईचं मंदिर. महाद्वारातून गाभाऱ्याकडे सरकणारी मावळतीची किरणं]

नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेरीस कोल्हापुरात किरणोत्सव असतो. किरण अधिक उत्सव. 'अ' म्हणताना तोंड उघडं, 'उ' म्हणताना ओठांचा चंबू. दोन्ही न थांबता म्हणा. ओठ अर्धवट गोल होतात आणि 'ओ' बाहेर पडतो. सूर्यास्तात दोन 'अ' मिळून 'आ'. स्वरसंधी सवयीनं जमते. गाडी अडते ती विसर्गापाशी.

[दृश्य: नवरात्र, सप्तशतीचा पाठ]

नमस्तस्यै नमस्तस्यै नमस्तस्यै नमो नमः।

एकाच ओळीत 'नमः'ची तीन रूपं. पुढे 'त' आला, जीभ दातांकडे निघालेलीच होती, विसर्गाचा 'स्' झाला. पुढे 'न' आला, म्हणजे मृदू व्यंजन, आणि मागे 'अ' आहे, म्हणून 'ओ'. शेवटी पुढे काहीच नाही, तिथे विसर्ग जसाच्या तसा.

तेव्हा मागचा स्वर आणि पुढचा वर्ण, दोन्ही बघितल्याशिवाय पेन उचलू नये. मागे 'इ' असेल तर त्याच 'न'पुढे 'र्' होतो: हरिः नमति, हरिर्नमति. पुढे 'र'च आला तर दोन 'र' शेजारी टिकत नाहीत. पहिला जातो आणि जाताना मागचा स्वर दीर्घ करतो: निः अधिक रोग, नीरोग. मराठीत सर्रास 'निरोगी' लिहितात, तो भाग वेगळा.

[दृश्य: फळ्यावर 'अर्जुनः + उवाच']

इथे हमखास चुकतं. मागे 'अ', पुढे 'अ' सोडून दुसरा स्वर, की विसर्गाचा लोप. उरतं 'अर्जुन उवाच'. किरणोत्सवाची सवय लागलेला हात लगेच 'अर्जुनोवाच' लिहून मोकळा होतो. पण 'अ' अधिक 'उ'चा 'ओ' करणारं (यालाच 'गुण' म्हणतात) 'आद्गुणः' हे सूत्र अष्टाध्यायीच्या, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणग्रंथाच्या, सहाव्या अध्यायातलं, आणि हा लोप शेवटच्या, आठव्यातला. ग्रंथाच्या शेवटच्या तीन पादांत (पाद म्हणजे अध्यायाचा चौथा भाग) जे घडतं, ते आधीच्या सूत्रांच्या लेखी घडलेलंच नसतं. 'आद्गुणः'ला मधे, विसर्गाच्या जागी, मूळचा 'स्' उभाच दिसतो. मग गुण होणार कसा? दोन शब्द सुटेच लिहायचे.

'सः' आणि 'एषः' यांचं आणखी निराळं. पुढे कुठलंही व्यंजन येवो, विसर्ग जातो: स गच्छति. 'सो गच्छति' लिहिलं की गुण गेले. 'ओ' होतो तो फक्त पुढे 'अ' आल्यावर: सोऽहम्.