क्रोशेची कडा तिरकी जातेय? ओळ पलटताना हे बघा

नमस्कार मंडळी! चौकोनी रुमाल करायला घेतला आणि चार बोटं विणून होईपर्यंत तो अरुंद व्हायला लागला, असं होतंय ना? लोकरीला दोष देऊ नका. गडबड ओळीच्या दोन टोकांना असते.

४ मिलिमीटरची सुई घ्या, लोकर फिक्या रंगाची. काळ्या लोकरीत टाके दिसतच नाहीत, डोळे मात्र दुखतात. आपण १५ खांबांची, म्हणजे १५ उंच टाक्यांची, पट्टी करू. त्यासाठी साखळ्या १७ घालायच्या; सुईवर दोरा घेऊन फासातून ओढून काढला की झाली एक साखळी. सुईवरचा फास मोजायचा नाही हं.

आता खांब. सुईवर दोऱ्याचा वेढा घ्या, सुईपासून चौथ्या साखळीत सुई घाला, दोरा ओढून वर आणा. सुईवर तीन फास दिसताहेत? वेढा घ्या, दोन फासांतून काढा. पुन्हा वेढा, उरलेल्या दोनांतून काढा. झाला खांब! पुढे प्रत्येक साखळीत एकेक. मोजा: १४ खांब, आणि सुरुवातीला सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक. भरले पंधरा.

आता जरा जवळून दाखवते. काम पलटा, ३ साखळ्या घाला. खांबाची उंची साधारण तेवढीच असते, म्हणून तीन. हाच या ओळीचा पहिला खांब. त्यामुळे त्याच्या बुडाशी असलेला टाका सोडायचा आणि पुढच्यात सुई घालायची, वर वेणीसारखे दिसणारे दोन्ही पेड उचलून. त्या बुडाच्या टाक्यातही खांब घातलात, तर एक वाढला.

आणि ओळीचा शेवट? १४ झाले की संपली असं वाटतं, कारण मागच्या ओळीच्या त्या ३ साखळ्या टाक्यासारख्या दिसत नाहीत. पण पंधरावा खांब तिथेच, सगळ्यात वरच्या साखळीत. हा राहिला की दर ओळीला एक टाका कमी! साखळ्या घातल्या की लगेच तिसरीत सेफ्टी पिन अडकवून ठेवा. परत येताना शोधावं लागणार नाही.

मुका खांब, म्हणजे खांबापेक्षा बुटका टाका, सोपा. आधी वेढा नाही. दोरा वर आणला की सुईवर दोन फास, वेढा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. पलटताना एकच साखळी. बहुतेक पॅटर्नमध्ये ती टाका म्हणून धरत नाहीत, म्हणून इथे पहिला टाका सोडायचा नाही, त्यातच विणायचं.

घ्या सुई, पंधराच्या चार ओळी घाला आणि प्रत्येक ओळ संपली की मोजा.