लाकडाच्या ढलप्यांवरची वाइन कॅप

नमस्कार मंडळी! झाडांच्या बुडाशी मल्च म्हणून लाकडाच्या ढलप्या अंथरतात ना, त्या वूडचिप्सवर एक रानटी मश्रूम आपणहून उगवतं, आज त्याच्याबद्दल बोलूया. नाव वाइन कॅप, शास्त्रीय नाव स्ट्रोफारिया रुगोसोअॅन्युलाटा. युरोप-अमेरिकेतल्या बागांमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं. कोवळेपणी टोपी वाइनच्या रंगाची, मग उन्हाने फिकट होत जाते, आणि वाढली तर 20-30 सेंटीमीटरसुद्धा रुंद होते. दांड्यावर जाडसर रिंग असते, तिच्या कडेला गिअरसारखे दाते.

पण खरी मजा खाली आहे! ओली ढलपी उचलून बघा, पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसेल, तोच या बुरशीचा मूळ देह, वरचं मश्रूम म्हणजे नुसतं फळ. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फार थोड्या जीवांना पचतं आणि ही बुरशी ते फोडते, म्हणून तर ढलप्यांची हळूहळू काळी भुसभुशीत माती होते. आता लाकडात नायट्रोजन अगदीच कमी, मग ही बुरशी चक्क शिकार करते. तिच्या धाग्यांवर बारीक काटेरी पेशी असतात, मातीतला सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक किडा, त्यांना घासून गेला की काही मिनिटांत लुळा पडतो आणि मग धागे त्याच्या अंगात शिरून त्याला पचवून टाकतात. 2006 साली हे संशोधनातून छापून आलं, आणि मला तर हे वाचल्यापासून मल्चचा ढीग साधा वाटतच नाही.

हे मश्रूम खातात, मुद्दाम लावतातही, पण मंडळी, फोटो बघून खायचं नाही म्हणजे नाही. त्याच ढलप्यांवर गॅलेरिना मार्जिनाटा नावाचं छोटं तपकिरी मश्रूमही येऊ शकतं, त्यात अमाटॉक्सिन नावाचं विष असतं, जे शिजवूनही जात नाही आणि लिव्हर निकामी करतं. टोपी पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवा, वाइन कॅपच्या बीजाणूंचा ठसा जांभळट काळा उमटतो, गॅलेरिनाचा गंजासारखा तपकिरी. अर्थात एवढ्यावरही खायचं नाही, जाणकाराला प्रत्यक्ष दाखवायचं. आणि चुकून कुणी खाल्लंच तर उलटी व्हायची वाट बघू नका, कारण या विषाचा त्रास सहा तासांनी, कधी त्याहून बराच उशिरा सुरू होतो, उरलेलं मश्रूम सोबत घ्या आणि तडक हॉस्पिटल गाठा.